धनगरवाड्यावर सुट्या भागांचे घर: खालून काय न्यायचे, वरच काय शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. गगनबावडा तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर तुमच्या मंडळाला आधी अंगणवाडीची एक खोली बांधायची आहे, आणि ती नीट टिकली तर पुढे चार-पाच घरे. गाडी थांबते तिथून वर तासाभराची पायवाट आहे. भाग कोल्हापुरात तयार करायचे आणि वर नेऊन जोडायचे, असा बेत आहे. पफचे तयार सँडविच पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले), जांभा आणि बांबू असे तीन पर्याय तुमच्यापुढे आहेत. पुढची दुरुस्ती वाड्यावरच्या लोकांना स्वतः करता यावी, ही तुमची अट मला सगळ्यात मोलाची वाटली.

माझे उत्तर असे: सांगाडा आणि सांधे एकाच मापाचे ठरवून कोल्हापुरात बनवा. भिंत मात्र वाड्याच्या हाकेच्या अंतरावर जे मिळते त्याचीच करा. एका वाड्यावर ती जांभ्याची होईल, दुसऱ्यावर कारवीच्या काड्या विणून लिंपलेल्या कुडाची, तिसऱ्यावर दाबलेल्या मातीच्या विटांची. सांगाडा तोच राहील. हे जमले तर बाकीचे तपशील सुटत जातात. भिंतीसकट अख्खे घर कारखान्यात बनवायला गेलात, तर दहा वर्षांनी त्या घराला हात लावू शकेल असा माणूस वाड्यावर नसेल.

आता ओझ्यांचा हिशेब करू, कारण डोंगरावरच्या बांधकामात खर्च आणि रचना दोन्ही त्यावरच ठरतात. समजा खोली 25 फूट बाय 12 फूट, म्हणजे 300 चौरस फूट. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट जागा लागते, तेव्हा हे माप घरालाही चालेल. आठ फूट उंचीच्या भिंती धरल्या आणि दारे-खिडक्या वजा केल्या, तर साधारण 48 चौरस मीटर भिंत उरते. 390 × 190 × 190 मिलिमीटरचा जांभ्याचा चिरा जवळपास 28 किलोचा भरतो. असे सहाशे चिरे लागतील, म्हणजे सोळा-सतरा टन. चढावर एका माणसाने एका वेळी 25 किलोच्या आसपास न्यावे, त्याहून फार जास्त नको. म्हणजे एक चिरा हे एक ओझे झाले आणि नुसत्या भिंतीसाठी सहाशे फेऱ्या झाल्या. खाण खाली रस्त्याकडेला असेल तर जांभ्याचा विचार सोडून द्या. पण वाडा सड्यावरच, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच असेल आणि पूर्वी कुणी तिथेच चिरे काढलेले असतील, तर त्याच सहाशे चिऱ्यांची वाहतूक शंभर पावलांची होते आणि जांभ्याइतका चांगला पर्याय दुसरा नाही. नुकता काढलेला जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेवर राहून कठीण होत जातो. म्हणून काढल्यावर तो काही महिने उघड्यावर ठेवून मगच वापरावा. चिरे काढण्याआधी मात्र जागा कुणाच्या मालकीची, वनखात्याची की गायरानाची, हे तलाठ्याकडे आणि रेंजर साहेबांकडे विचारून घ्या.

आता सांगाड्याचे ओझे बघा. पाच-पाच फुटांचे पाच खण घेतले तर सहा चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला खांबांचे दोन पाय, वळचणीचे दोन सांधे आणि आढ्याचा एक, असे एकूण तीस सांधे. प्लेटा आणि बोल्ट मिळून हे सगळे नव्वद-शंभर किलोच्या घरात बसते; सांगाड्याचा बांबू यात धरलेला नाही. छपराला पत्रा घेतला तर तीनशे किलो. सिमेंट सहा पोत्यांत भागवायचे, म्हणजे आणखी तीनशे किलो. वाळूचे वजन लोक हिशेबात धरायला विसरतात. 1:2:4 च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला सहा पोत्यांमागे सहा-सातशे किलो वाळू लागते आणि खडी तिच्या दुप्पट. खडी वरच फोडून घ्यायची. दारे-खिडक्या धरून सगळे मिळून दीड टनाच्या आसपास होते, म्हणजे साठेक ओझी. वाड्यावरचे आणि मंडळाचे लोक मिळून हे काम दोन-तीन दिवसांत उरकू शकतात, मजुरी देऊन. श्रमदान म्हणून लोकांकडून फुकट वाहून घेऊ नका. त्यांच्या रोजगाराचे दिवस बुडतात.

ओझे किती जड यापेक्षा किती लांब, हा प्रश्न कधी कधी जास्त छळतो. झाडीतून जाणाऱ्या पायवाटेच्या वळणावर बारा फुटांची नळी फिरत नाही. खालून न्यायचा कुठलाही तुकडा अकरा फुटांपेक्षा लांब ठेवू नका, आणि रुंदी चार फुटांच्या आत. कागदावर माप ठरवण्याआधी तेवढ्या लांबीचा एक बांबू घेऊन दोघांनी ती वाट एकदा चढून बघावी.

सांधे बनवण्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांना बाहेर बघायची गरज नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या वर्कशॉपमध्ये जिग, म्हणजे मापाचा साचा, लावून एकसारखे तुकडे काढणे हे रोजचे काम आहे. पहिल्या जिगवर जास्त पैसे खर्च करा, कारण पुढच्या प्रत्येक घराला तेच माप लागणार. सगळीकडे 12 मिलिमीटरचाच बोल्ट वापरा, म्हणजे 19 नंबरच्या एका पान्यावर अख्खे घर उघडते आणि जोडता येते. भोके आणि वेल्डिंग झाल्यावरच प्लेटा गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे जस्ताचा लेप देऊन घ्या. घाटमाथ्यावरच्या धुक्यात आणि पावसात नुसता रेड ऑक्साइडचा रंग फार टिकत नाही, आणि गंज आधी वेल्डच्या कडेला धरतो.

बांबूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या खोलीचा सांगाडा त्याचाच व्हावा असे मला वाटते. आपल्याकडचा माणगा जातीचा बांबू जवळपास भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. खांबासाठी तीन-चार माणगे एकत्र बांधून घेतले की बोल्ट चांगला पकडतो. कळक ही दुसरी जात जाड आणि पोकळ असते. त्यात बोल्ट घालायचा असेल तर त्या पेरात आधी सिमेंटचे पातळ मिश्रण भरावे लागते, नाहीतर बोल्ट आवळताना कळक उभा चिरतो. सांधा नेहमी गाठीजवळ घ्या. तीन ते पाच वर्षांचा बांबू निवडा. कोवळा सुकताना आकसतो. तोड मार्गशीर्ष ते माघ या काळात करावी. तेव्हा बांबूत साखर-पिठाचा अंश कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. बेटात पावसाळ्यात नवे कोंब येतात, तेव्हा शिरून तोड केली तर बेटाचेच नुकसान होते.

भुंग्याच्या बाबतीत एक बदल नीट लक्षात घेतला पाहिजे. जुन्या घरात चुलीचा धूर रोज छपराला लागत असे आणि त्या धुराने वासे, कारवी, गवत वर्षानुवर्षे राखले. आता वाड्यावर गॅस पोचतो आहे, आणि अंगणवाडीत तर दिवसभर चूल पेटणार नाही. म्हणून आजोबांच्या घराला काही न लावता पन्नास वर्षे टिकलेला बांबू नव्या खोलीत दोन वर्षांत भुसा होतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांचे पाच-सहा टक्क्यांचे पाणी करून, गाठींचे आतले पडदे सळईने फोडून, बांबू काही दिवस त्यात बुडवून ठेवावा आणि मग सावलीत वाळवावा. खड्ड्यात जाड ताडपत्री अंथरली की हौद झाला. ते पाणी झऱ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. उरलेले पुढच्या खेपेला वापरा. ही मीठे पाण्यात विरघळतात, त्यामुळे थेट पाऊस झेलणाऱ्या बांबूला हा उपाय पुरत नाही. बांबू छपराखालीच राहिला पाहिजे, आणि खांबाचा पाय जोत्यापासून किमान सहा इंच वर, लोखंडी बुटात बसला पाहिजे. बांबूच्या इमारतीसाठी भारतीय मानक आहे, आयएस 15912. तुमच्या इंजिनिअरने त्यानुसार हिशेब करून सही द्यावी. सही मिळाली की पंचायत समितीतली अर्धी चर्चा संपते.

परवानगीचे दोन मुद्दे. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यात वृक्ष धरला जात नाही, त्यामुळे मालकीच्या बांधावरचा बांबू सर्वात सोपा. जंगलातल्या बांबूला आणि कारवीला मात्र नियम लागू आहेत, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर हातच लावू नका. दुसरे, वाडा वनजमिनीवर असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3(2) वाचा. ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा कामांना प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद त्यात आहे. अंगणवाडी आधी घ्या, घरे मागून, असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

भिंतीकडे येतो. कारवीचा कूड हे सह्याद्रीतले जुने आणि शहाणपणाचे काम आहे. चौकट खालून बनवून न्यायची, पाच फूट बाय चार फूट, मोकळी, दहा-बारा किलोची. वर नेऊन बोल्टने बसवायची, मग तिच्यात कारव्या किंवा बांबूच्या कामट्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचे काड मळून लिंपायचे. मातीचे वजन चार टनांवर जाते, पण ती अंगणातली असते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सगळीकडे फुलते आणि मग वाळते. असे वर्ष जवळ असेल तर ती काडी वाया जाण्याआधी गोळा करायची तयारी परवानगीसकट ठेवा. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा देऊ नका. ओल आत अडकते, गिलावा फुगतो आणि मातीचा थर घेऊन पडतो. चुन्याचा हात द्या, वाड्यावरच्या बायकांना दरवर्षी सारवता येईल असे काम ठेवा, आणि त्या सारवणाची मजुरी अंगणवाडीच्या देखभालीच्या खर्चात धरा.

मातीच्या दाबलेल्या विटांचा विचार करायचा असेल तर आधी मातीची परीक्षा. बाटलीत माती आणि पाणी हलवून रात्रभर ठेवली की वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर दिसतात. वाळू निम्म्याहून जास्त आणि चिकणमाती दहा-पंधरा टक्के असेल तर पाच ते आठ टक्के सिमेंटवर बरी वीट होते. चिकणमाती जास्त असेल तर सिमेंटऐवजी चुना. पण हाताने चालवायचे मशीन जड असते आणि तेही वर न्यावे लागते. एका खोलीसाठी हा खटाटोप मला पटत नाही, पाच घरे एकत्र होणार असतील तर वेगळी गोष्ट.

सँडविच पॅनेलविषयी माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या कामाला नकोत. वजनाला हलके, बसवायला झटपट, हे खरे. पण कोपरा फुटला, उंदराने आतला फेस पोखरला, की बदली पॅनेल मागवायला पुन्हा कोल्हापूर, आणि तोवर त्या मापाचे पॅनेल बाजारात असेलच असे नाही. थर्माकोल भरलेले पॅनेल चुलीशेजारी धोक्याचे, कारण ते पेट घेते. कंटेनरचे तर नावच नको. वीस फुटांचा रिकामा कंटेनर दोन टनांवर असतो, त्याला क्रेन लागते आणि क्रेनला रस्ता. 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाचलेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय कंटेनरमध्ये झाली ती खाली, रस्त्याच्या कडेला. वर वाडीपर्यंत तर बचावाची यंत्रेसुद्धा नेता आली नव्हती.

इर्शाळवाडीचे नाव निघाले तर जागेविषयी बोललेच पाहिजे, कारण घर कितीही चांगले बांधले तरी जागा चुकली की सगळे जाते. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी: तिन्ही दरडी आषाढ-श्रावणातल्या मुसळधार पावसात कोसळल्या. आपल्या सड्यांवर वर जांभ्याचे टोपण असते आणि खाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर. पाणी जांभ्यातून झिरपते, खालची माती भिजून मऊ होते आणि सड्याची कड सुटते. म्हणून कडेपासून चांगले आत या आणि उतार कापून सपाटी काढू नका. जोते उताराला धरून पायऱ्यांनी चढवा. वरच्या बाजूला पाणी वळवणारा चर खणा आणि तो झऱ्याच्या वाटेला अडवणार नाही हे पाहा. जमिनीला नवी भेग, एका बाजूला कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा यांपैकी काही दिसले तर ती जागा सोडा. जागा बघायला जायचे ते आषाढात. उन्हाळ्यात प्रत्येक जागा चांगलीच दिसते. जाताना वाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या मामांना बरोबर घ्या. पाणी कुठून धावते, वारा कुठे घर उचलतो, हे त्यांना पाठ असते.

तुमच्यापैकी कुणीतरी हिमालयातल्या पद्धतीचा दाखला दिला आहे. त्यातले काय घ्यावे हे बघू. 8 ऑक्टोबर 2005 च्या काश्मीर भूकंपात धज्जी-देवारी पद्धतीची घरे चांगली तगली. लाकडाच्या चौकटीत लहान-लहान कप्पे आणि त्यांत दगड-मातीची भर, अशी ती रचना. भूकंपात कप्प्यातली भर थोडी हलते, तडकते, पण अख्खी भिंत अंगावर येत नाही. आपल्यालाही याची गरज आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप जुने लोक विसरलेले नाहीत, आणि 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छपरांनी, माणसे गाडली. म्हणून तुमच्या सांगाड्याला प्रत्येक कोपऱ्याच्या खणात तिरपे ताण द्या, आणि जांभ्याची भिंत केलीत तर जोत्याला आणि दारांच्या वरच्या पातळीला सलग पट्टा बांधा. एवढे हिमालयातून घ्या. तिथली सपाट, जड छपरे मात्र घेऊ नका. त्यांचे दुखणे बर्फ आणि थंडी, आपले दुखणे पाऊस. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो आडवा येतो.

त्या आडव्या पावसाला छप्पर कसे द्यायचे, यावर इंजिनिअर लोकांत मतभेद आहेत. मला कौल आवडते. आत थंड, आवाज कमी. पण 60 चौरस मीटरच्या छपराला नऊशे मंगलोरी कौले लागतात, दोन टनांवर वजन, आणि घाटमाथ्यावर वानरे ती फोडतात. शाळा-अंगणवाडीसारख्या दिवसाचा बराच वेळ रिकाम्या राहणाऱ्या इमारतीवर तर जास्तच. म्हणून इथे पत्रा घ्या, उतार 30 अंशांचा ठेवा, आणि पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या चटईचे छत लावा. त्याने आवाज आणि उष्णता दोन्ही पुष्कळ कमी होते. नाहीतर आषाढात बाईंचा आवाज पोरांना ऐकू जाणार नाही. वळचण तीन फूट बाहेर काढा. एवढी वळचण वाऱ्याला उचलायला सापडते हे खरे, म्हणून प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टीने खांबाशी आणि खांबाला जोत्यातल्या काँक्रीटशी बांधा. दार पूर्वेला ठेवा. पश्चिमेला पडवी काढून तिथे सरपण आणि सामान ठेवा, म्हणजे पावसाचा मार त्या पडवीवर जाईल. तरीही पहिली काही वर्षे लोकांची जुनी रीत चालू द्या: पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताचा किंवा उसाच्या पाल्याचा आडोसा बांधायचा.

कामाचा क्रम यातूनच निघतो. आषाढात जागा, दसऱ्यानंतर कागदपत्रे आणि जिग, पौषात बांबू, माघात जोते, फाल्गुनात सांगाडा. सांगाड्यावर लगेच छप्पर चढवा, भिंती नंतर. चैत्र-वैशाखात वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि ओली मातीची भिंत एका वळवात वाहून जाते. छपराखाली लिंपण केले की ती सावलीत हळू वाळते आणि भेगाही कमी पडतात. मृगाआधी चुन्याचा हात संपलेला हवा.

पुढे घरे बांधताना याच क्रमामुळे एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांच्या फोटोंवर सुटतात: जोते, मग भिंत, मग छप्पर. तुमच्याकडे छप्पर आधी उभे राहणार आणि भिंत मागून. फोटोत भिंत दिसत नाही म्हणून हप्ता अडकतो, आणि कुटुंबाला उसनवार करावी लागते. काम सुरू होण्याआधी पंचायत समितीच्या इंजिनिअरना नकाशा दाखवून टप्पे कसे नोंदवायचे ते लेखी ठरवून घ्या.

शेवटी, काम संपल्यावर वाड्यावर ठेवायच्या वस्तू: दोन पाने, प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन जादा प्लेटा, बोल्टची एक पिशवी, पत्र्याचे चार तुकडे, बोरॅक्सचा एक डबा आणि भिंतीवर मराठीत रंगवलेला सांध्यांचा नकाशा. वाड्यावरच्या दोन तरुणांना पहिल्या दिवसापासून मजूर म्हणून न घेता मिस्त्री म्हणून, मिस्त्रीच्या पगारावर घ्या. दुसऱ्या घराचा सांगाडा त्यांनी उभा करायचा आणि तुमच्या इंजिनिअरने फक्त बोल्ट तपासायचे. नकाशा आणि मातीच्या बाटलीचे फोटो पाठवलेत तर खणांची मापे आणि भिंतीचा पर्याय मी तपासून देईन.